एक टायर बदलण्याआधी चारही मोजा

जुईनगरमधून गाडी बाहेर काढली की थोड्याच वेळात सायन-पनवेल महामार्ग लागतो. पावसाळ्यात त्या रस्त्यावर टायरचे काय हाल होतात, ते तुम्हाला वेगळं सांगायला नको. तुर्भे, उरण फाटा, पुलांचे सांधे. पाण्याखालचा खड्डा दिसत नाही. कळतो तेव्हा चाक त्यात आपटलेलं असतं. दुसऱ्या दिवशी सकाळी सोसायटीचा वॉचमन सांगतो, "साहेब, टायरला फुगा आलाय."

मग आपण जवळच्या टायरवाल्याकडे जातो, एक नवा टायर बसवतो आणि ऑफिस गाठतो. बहुतेक गाड्यांचं यात फारसं काही बिघडत नाही. पण तुमची गाडी चारही चाकांना जोर देणारी असेल, म्हणजे ऑल-व्हील-ड्राइव्ह असेल, तर जरा थांबा. अशा गाडीत एकाच टायरची घाई पुढे महागात पडू शकते.

आधी आपली गाडी कुठली आहे, ते नक्की करा.

हे वाटतं तितकं सोपं नाही. ग्रँड विटारा, हायरायडर, एक्सयूव्ही ७०० या गाड्या दोन्ही प्रकारांत विकल्या गेल्या आहेत. शेजाऱ्याची आणि तुमची गाडी एकाच नावाची, एकाच रंगाची असेल, पण त्याची फक्त पुढच्या चाकांवर आणि तुमची चारही चाकांवर चालत असेल. मागच्या दारावरचा बिल्ला बघा. 'ऑलग्रिप', 'एडब्ल्यूडी', 'फोर बाय फोर' असं काही लिहिलेलं असतं. गाडी जुनी घेतली असेल आणि आधीच्या मालकाने बिल्ला काढला असेल, तर डॅशबोर्डच्या कप्प्यातलं गाडीचं पुस्तक उघडा. ते नसेल तर सर्व्हिस सेंटरला चेसिस नंबर सांगून विचारा. विचारण्यात कमीपणा नाही.

थार आणि जिम्नी या जरा वेगळ्या. त्या एरवी फक्त मागच्या चाकांवर चालतात. तुम्ही स्वतः दांडा ओढाल किंवा बटण दाबाल तेव्हाच पुढची चाकं जोडली जातात. त्यांच्याबद्दल पुढे सांगतो.

आता चार टायर सारखे का हवेत, ते बघू. हे एकदा समजलं की बाकीचं तुम्ही स्वतःच ठरवू शकाल.

समजा, टायरचा आकार २१५/६० आर १७ आहे. असा कोरा टायर एका फेरीत साधारण २ मीटर १७ सेंटिमीटर अंतर कापतो. तोच टायर तीन मिलिमीटर झिजला की त्याची उंची सहा मिलिमीटरने कमी होते आणि एका फेरीत तो जवळपास दोन सेंटिमीटर कमी जातो. दोन सेंटिमीटर म्हणजे काहीच नाही, असं वाटेल. पण शंभर किलोमीटरचा हिशेब केला तर झिजलेल्या टायरला कोऱ्या टायरपेक्षा सुमारे चारशे फेऱ्या जास्त माराव्या लागतात. म्हणजे पुण्याला पोचायच्या आत चारशे जादा फेऱ्या.

फक्त पुढच्या चाकांवर चालणाऱ्या गाडीत मागची चाकं मोकळी असतात. त्यांना हव्या तितक्या फेऱ्या ती मारोत, कोणाचं काही जात नाही. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये पुढची आणि मागची चाकं एकमेकांना जोडलेली असतात. काही गाड्यांत कायम, काहींत गरज पडेल तेव्हा. या जोडणीच्या आत तेलात बुडालेल्या चकत्या असतात किंवा दातेरी चाकांचा संच असतो. पुढच्या-मागच्या फेऱ्यांत थोडा फरक पडावा, अशी सोय त्यात असते, कारण प्रत्येक वळणावर तो पडतोच. पण ती सोय वळणापुरती आहे. सरळ रस्त्यावर, तासन् तास, रोज फरक पडत राहिला तर चकत्या घासत राहतात, तेल तापतं, जळतं. उंच आणि ठेंगणा बैल एका जुवाला जुंपले तर मान कोणाची सोलवटेल, हे शेतकऱ्याला विचारायची गरज पडत नाही.

शिवाय गाडीतला संगणक चाकांच्या फेऱ्यांवर नजर ठेवून असतो. एक चाक वेगळं फिरतंय असं दिसलं की चाक घसरतंय, असा त्याचा समज होऊ शकतो. मग तो कोरड्या रस्त्यावरही मागच्या चाकांना जोर द्यायला लागतो. जोडणीवरचा ताण आणखी वाढतो.

हे लगेच कळत नाही, खरी अडचण तीच आहे. टायर बदलल्यावर पहिले काही महिने गाडी छान चालते. मग कधीतरी पार्किंगमध्ये स्टीअरिंग पूर्ण वळवून गाडी काढताना खालून कण्हल्यासारखा आवाज येतो, किंवा गाडी अडखळत झटके देते. ऑल-व्हील-ड्राइव्हचा दिवा लागतो. घाट चढून आल्यावर जळका वास येतो. यातलं काहीही दिसलं तर पुढचा प्रवास रद्द करा आणि गाडी दाखवून घ्या. त्या वेळी सर्वांत आधी टायर मोजायला सांगा.

आता मोजमाप. हे तुम्ही घरच्या घरी करू शकता आणि करायलाच हवं.

टायरची खोली मोजायचं छोटं गेज मिळतं. ते महाग नसतं. त्याची बारीक काडी टायरच्या खाचेत उभी घालायची आणि आकडा वाचायचा. नव्या टायरची खोली साधारण आठ मिलिमीटरच्या आसपास असते. प्रत्येक टायरला तीन ठिकाणी मोजा: आतली बाजू, मधली आणि बाहेरची. आतल्या बाजूला हात पोचत नसेल तर स्टीअरिंग वळवून घ्या. तिथेच खरी फसगत होते. अलाइनमेंट बिघडलेला टायर बाहेरून नवाकोरा दिसतो आणि आतून पार खाल्लेला असतो.

चार चाकं, बारा आकडे. कागदावर लिहा. तारीख आणि किलोमीटरही टाका.

गेज नसेल तर खडू पुरेल. चारही टायरमध्ये सारखी हवा भरून घ्या. पार्किंगच्या सपाट फरशीवर टायर जिथे टेकतो तिथे टायरवर आणि फरशीवर एक-एक खूण करा. गाडी हळूच सरळ पुढे घ्या. टायरवरची खूण पुन्हा खाली आली की फरशीवर दुसरी खूण करा. दोन खुणांमधलं अंतर टेपने मोजा. चारही चाकांचं असंच करा. मुलांना मदतीला घ्या, पण चाकाच्या पुढे-मागे कोणी बसणार नाही, याची काळजी घ्या.

मग किती फरक चालतो? प्रत्येक कंपनी आपलं सांगते. सुबारू ही चारही चाकांवरच्या गाड्यांसाठी जगभर ओळखली जाणारी जपानी कंपनी. तिच्या गाड्या आपल्याकडे विकत नाहीत, पण तिचा नियम माहीत असलेला बरा: चार टायरांच्या घेरात पाव इंचापेक्षा, म्हणजे साधारण ६.४ मिलिमीटरपेक्षा जास्त फरक नको. खोलीत सांगायचं तर हा फरक जेमतेम एक मिलिमीटर होतो. इतर काही कंपन्या खोलीत दोन-अडीच मिलिमीटरपर्यंत सूट देतात. तुमच्या गाडीच्या पुस्तकात आकडा दिला असेल तर तोच अंतिम. दिला नसेल तर सर्व्हिस सेंटरकडून लेखी घ्या, व्हॉट्सॲपवर का होईना. आणि दोन मिलिमीटर ओलांडायचेच नाहीत, असं ठरवून चाला.

आता निर्णय.

गाडी नवी आहे, टायर फार झिजलेले नाहीत, बाकीचे तीन टायर कोऱ्यापेक्षा मिलिमीटरभरच कमी भरतात. अशा वेळी एकच टायर घ्या. त्याच कंपनीचा, त्याच नक्षीचा, त्याच आकाराचा. चारही घ्या म्हणून कोणी आग्रह धरला तरी घाबरू नका. तुमच्या हातात बारा आकडे आहेत, ते दाखवा.

बाकीचे तीन टायर तीन-चार मिलिमीटरवर आले असतील तर चारही बदला. त्यात घोळ घालू नका. तसेही ते पुढच्या पावसाळ्यापर्यंत टिकणार नाहीत. नियमाप्रमाणे गाडीच्या टायरची खोली १.६ मिलिमीटरच्या खाली जायला नको. खाचांच्या तळाशी त्यासाठी बारीक उंचवटे ठेवलेले असतात, नक्षी त्यांच्या पातळीला आली की टायर संपला. पण पाम बीच रोडवर पाण्याचा थर साचलेला असताना १.६ मिलिमीटरचा टायर तुम्हाला वाचवणार नाही. पाणी बाजूला सारायला खाचेत जागाच उरलेली नसते. तीन मिलिमीटरवर आले की पैशांची तयारी सुरू करा.

अवघड असतं ते मधलं गणित. तीन टायर पाच मिलिमीटरवर आहेत आणि एकाला फुगा आलाय. नवा आणला तर तीन मिलिमीटरचा फरक. चार घ्यावेत तर तीन चांगले टायर वाया जातात, आणि सतरा इंची चार टायर म्हणजे महिन्याचा हिशेब कोलमडतो.

इथे टायरवाला सांगतो, "जोडीने बदला, झालं काम." तो वाईट सल्ला देत नाही. दिवसभर त्याच्याकडे दोन चाकांवर चालणाऱ्या गाड्या येतात आणि त्यांना तो सल्ला बरोबर लागू पडतो. पण तुमच्या गाडीत मागे दोन नवे आणि पुढे दोन जुने लावले की पुढच्या-मागच्या फेऱ्यांतला फरक तसाच राहतो. उलट एकाच नव्या टायरपेक्षा तो दुप्पट होतो. मधल्या जोडणीला त्रास होतो तो नेमका याच फरकाने. काही कंपन्या काही गाड्यांत जोडीने बदलायला परवानगी देतात. पुस्तकात तसं असेल तर जोडी घ्या. नसेल तर नको.

मग करायचं काय? आधी स्टेपनी बघा. ती बाकीच्या टायरांच्याच आकाराची आणि नक्षीची असेल, आणि अधूनमधून वापरात येऊन थोडी झिजलेली असेल, तर ती लावा आणि नवा टायर स्टेपनीत टाका. सगळ्यांत स्वस्त मार्ग हाच. म्हणून गाडी नवी असतानाच पाचही टायर आळीपाळीने फिरवायची सवय लावा. दर आठ-दहा हजार किलोमीटरला जागा बदला आणि स्टेपनीलाही त्या फेऱ्यात घ्या. बाजूवर फिरण्याच्या दिशेचा बाण असेल तर टायर डावी-उजवीकडे अदलाबदल करता येत नाहीत. पुस्तकात फिरवण्याचं चित्र असतं, तसंच करा.

स्टेपनी बारीक असेल, जी बऱ्याच गाड्यांत आता येते, तर ती फक्त दुकान गाठण्यापुरती आहे. ऑल-व्हील-ड्राइव्हमध्ये तर नक्कीच. "शनिवारी बघू" म्हणत ती आठवडाभर लावून फिरू नका. काही गाड्यांत स्टेपनीच नसते. टायर दुरुस्तीचं किट आणि हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा असेल तर स्टेपनी न देण्याची मुभा २०२० पासून आहे. तुमच्या गाडीत काय आहे, ते आज जाऊन बघा.

दुसरा मार्ग म्हणजे तितकाच झिजलेला वापरलेला टायर शोधणं. हे मी नाइलाजाने सांगतोय. जुन्या टायरच्या बाजारात गोटा झालेल्या टायरला खाचा पाडून विकणारे असतात. खाच खोल दिसते, पण तिच्या तळाशी रबर उरलेलं नसतं. घ्यायचाच असेल तर रिमवरून उतरवलेला घ्या आणि आत हात फिरवून बघा. ठिगळ, चीर, उचललेला धागा, काहीही हाताला लागलं तर सोडून द्या. बाजूवर अंडाकृती चौकटीत चार आकडे असतात. १८२४ म्हणजे २०२४ सालातला अठरावा आठवडा, टायर तेव्हा बनला. पाच वर्षांपेक्षा जुना टायर फुकट मिळाला तरी नको.

हेच चार आकडे नवा टायर घेतानाही वाचा. दुकानात वर्षभर पडून राहिलेला टायर असेल तर ताजा मागा. चारही घेत असाल तर चारही एकाच सुमाराचे मागा. आकाराच्या पुढे ९६ एच असं काही लिहिलेलं असतं. पहिला आकडा टायर किती वजन पेलतो ते सांगतो आणि अक्षर किती वेग सोसतो ते. ९६ म्हणजे एका टायरला ७१० किलो, एच म्हणजे ताशी २१० किलोमीटर. यात खाली उतरू नका. बिल पक्कं घ्या. २२ सप्टेंबर २०२५ पासून गाडीच्या नव्या टायरवरचा जीएसटी २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आला आहे. तो बिलात दिसायला हवा.

टायर बदलायची खरंच गरज आहे का, हेही एकदा बघा. मधल्या भागात खिळा घुसला असेल आणि भोक सहा मिलिमीटरच्या आत असेल तर टायर दुरुस्त होतो. बाहेरून पट्टी मारण्यापेक्षा टायर उतरवून आतून मशरूम पॅच लावणं जास्त पक्कं. टायर उतरवल्यावर आत बघा. काळी भुकटी दिसली तर तो हवा नसताना फिरवला गेला आहे, त्याची बाजू आतून चिरडली आहे. तो टायर गेला. बाजूवरची चीर आणि फुगा यांना दुरुस्ती नाही. फुगा म्हणजे आतला धागा तुटला आहे आणि हवा फक्त वरच्या रबराने धरून ठेवली आहे. त्या टायरवर द्रुतगती मार्गाला जाऊ नका. २०२३ मध्ये समृद्धी महामार्गावर टायर फुटून अपघात होऊ लागले, तेव्हा परिवहन विभागाने प्रवेशाच्या ठिकाणी टायर तपासायला आणि घासलेल्या टायरच्या गाड्या मागे फिरवायला सुरुवात केली होती. आपल्या दारातून निघताना आपणच ते काम केलेलं बरं.

थार, जिम्नीवाल्यांसाठी इतकंच. मागच्या दोन चाकांवर चालवत असाल तर पुढे-मागे थोडा फरक चालून जातो. पण एकाच धुरेवरचे दोन टायर सारखे ठेवा. आणि कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकं जोडू नका, टायर कितीही नवे असले तरी. चिखल, वाळू, ओली चढण, तिथेच ते बटण. रुबाब म्हणून दाबायची ती वस्तू नाही.

खरं सांगायचं तर जुईनगर ते बीकेसी जाण्यासाठी कोणालाच चारही चाकांचा जोर लागत नाही. पण गाडी घेतली आहे, तर तिचे लाड पुरवावे लागणारच.

टायर बसवल्यावर अलाइनमेंट आणि बॅलन्सिंग करून घ्या. हवा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या चिठ्ठीवर लिहिलेली भरा, गाडी थंड असताना. नट पान्याने मोजून आवळायला सांगा आणि पन्नास-शंभर किलोमीटर झाल्यावर पुन्हा एकदा आवळून घ्या.

विम्याच्या भरवशावर राहू नका. नेहमीच्या पॉलिसीत फक्त टायरचं नुकसान झालं तर पैसे मिळत नाहीत. गाडीलाही मार लागला असेल तरच मिळतात, तेही टायरच्या किमतीच्या निम्मे. झीज आणि यंत्राचा बिघाड त्यात बसत नाही. म्हणजे वेगवेगळ्या टायरांनी जोडणी जळाली तर ते बिल तुमचं तुम्हालाच भरावं लागणार. वॉरंटीवालेही टायरकडे बोट दाखवू शकतात. टायरसाठी वेगळं जादा कव्हर मिळतं. आपल्या रस्त्यांवर ते घेण्यासारखं आहे, पण किती झिजलेल्या टायरला पैसे मिळणार नाहीत ते आधी वाचा. नव्या गाडीच्या टायरची वॉरंटी बहुधा टायर बनवणाऱ्या कंपनीची असते, गाडीच्या कंपनीची नसते. ते कार्ड जपून ठेवा.

शेवटचं, आणि हे घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. रस्त्यात टायर फुटला तर गाडी हळूहळू डावीकडच्या कडेला घ्या, चारही इंडिकेटर लावा आणि सगळ्यांना लोखंडी कठड्याच्या पलीकडे उभं करा. गाडीत कोणी बसून राहायचं नाही. टोइंगची गाडी आली आणि पुढची दोन चाकं उचलून मागची जमिनीवर ओढत न्यायला लागली, तर थांबवा. तशाने जी जोडणी वाचवायला एवढा खटाटोप केला, ती टोइंगमध्येच जाईल. ऑल-व्हील-ड्राइव्ह गाडी चारही चाकं वर घेऊनच न्यायची असते. रोडसाइड असिस्टन्सचा नंबर आजच फोनमध्ये टाका आणि फोन लागल्यावर पहिलं वाक्य हे बोला: "गाडी ऑल-व्हील-ड्राइव्ह आहे, फ्लॅटबेडच पाठवा."